अणूंचें मुरणें

कैरीचें लोणचें घातल्यावर तें कांहीं दिवस मुरूं द्यावें लागतें, हें आपल्या घरांतील लहान मुलीलाही ठाऊक असतें. मीठ फोडीच्या आंत शिरतें, फोडींतलें पाणी बाहेर येतें, आणि हळूहळू सालीपासून गरापर्यंत सारी फोड एकजीव होते. मुरणें हा शब्द अस्सल मराठी असून फार नेमका आहे. पाऊस काळ्या जमिनींत मुरतो, पाक बुंदींत मुरतो, आणि एखाद्या व्यवहाराचा संशय आला म्हणजे "कोठें तरी पाणी मुरतें आहे" असेंही आपण म्हणतों. शास्त्रीय परिभाषेंत या क्रियेला विसरण असें नांव योजिलेलें आहे. व्युत्पत्तीच्या दृष्टीनें शब्द निर्दोष आहे, परंतु मराठी कानाला त्यांत विस्मरणाचा भास होतो. म्हणून या लेखांत मी आपला घरचा शब्दच वापरणार आहें.

मला जें सांगावयाचें आहे तें मात्र लोणच्याविषयीं नसून सिलिकॉन या मूलद्रव्याविषयीं आहे. आपल्या हातांतील मोबाइल, बँकेंतील संगणक, आणि हल्लीं वऱ्हाडांत शेतोशेतीं दिसूं लागलेल्या सौरपंपांच्या निळ्याकाळ्या पाट्या, या सर्वांच्या पोटांत सिलिकॉनची एक चकती किंवा तिचा तुकडा असतो, आणि त्या चकतींत दुसरें एखादें मूलद्रव्य, बहुधा बोरॉन किंवा फॉस्फरस, मोजून मापून मुरविलेलें असतें. शुद्ध सिलिकॉनमधून वीज जेमतेम वाहते. त्याच्या एका घन सेंटिमीटरांत पांचावर बावीस शून्यें इतके अणु असतात. त्यांतील दर कोटि अणूंमागें एक अणु फॉस्फरसचा असला, तर त्याची वीज वाहून नेण्याची शक्ति लाखपटीहून अधिक वाढते. दुधाच्या पातेल्याला विरजणाचा थेंब पुरतो, त्यांतलाच हा प्रकार. फक्त येथला थेंब त्याहूनही सूक्ष्म. फॉस्फरस ज्या भागांत आहे आणि बोरॉन ज्या भागांत आहे, त्या दोहोंमधील सीमारेषा हेंच या साऱ्या यंत्रविद्येचें मर्म होय. ती सीमा ठरलेल्या जागीं पडली तर चिप चालते, थोडी इकडेतिकडे सरकली तर ती केराच्या टोपलींत जाते. तेव्हां प्रश्न असा कीं, भट्टींत घातलेल्या चकतींत बोरॉन नेमका किती खोल जाईल, हें आधीं सांगतां येईल काय?

या प्रश्नाचें पहिलें उत्तर एका वैद्यकाच्या अभ्यासकानें दिलें. अॅडॉल्फ फिक हा जर्मन शरीरशास्त्रज्ञ झुरिच येथें असतांना, १८५५ सालीं, त्यानें पाण्यांत विरघळणाऱ्या मिठाचा नियम मांडला: पदार्थ दाट जागेकडून विरळ जागेकडे जातो, आणि दाटपणाचा उतार जितका तीव्र तितका त्याचा ओघ मोठा. या साध्या नियमांतून एक मजेदार गोष्ट निघते. अंतर हें वेळेच्या वर्गमूळाप्रमाणें वाढतें. म्हणजे लोणच्याची फोड दुप्पट जाड चिरली, तर ती मुरावयास दुप्पट नव्हे, चौपट दिवस लागतील. बारीक फोडींचें लोणचें लवकर खावयास मिळतें, हा आजीबाईंचा अनुभव फिकच्या गणितांत तंतोतंत बसतो. घन पदार्थांतही हीच रीति चालते काय, याचें मोजमाप १८९६ सालीं इंग्लंडांत रॉबर्ट्स-ऑस्टिन यानें केलें. तो सरकारी टांकसाळींतील धातुपरीक्षक होता. त्यानें शिशांत सोनें मुरवून दाखविलें.

सिलिकॉनमध्यें बोरॉन मुरविण्यासाठीं भट्टी साधारण एक हजार अंश सेंटिग्रेडपर्यंत तापवावी लागते. सिलिकॉन १४१४ अंशांवर वितळतो, म्हणजे चकती घनरूपच राहते. एक हजार अंशांवर तासभर ठेवलें असतां बोरॉन सुमारें एका मिलिमीटरच्या दहाहजाराव्या हिश्शाइतका आंत जातो. उष्णता आणखी शंभर अंशांनीं वाढविली, तर मुरण्याचा वेग जवळजवळ दसपट होतो. उलट, आपल्या नेहमींच्या हवेंत तो शून्यच समजावा. अकोल्याचा वैशाख कितीही कडक असला आणि पारा ४५ अंशांपलीकडे गेला, तरी त्या उन्हानें विश्वाच्या साऱ्या आयुष्यांत मिळून एका अणूच्या रुंदीइतकाही बोरॉन सरकावयाचा नाहीं. चिप एकदां तयार झाली म्हणजे वर्षानुवर्षें टिकते, त्याचें एक मोठें कारण हेंच.

येथपर्यंत सर्व सुबोध आहे. अडचण पुढें येते. पाण्यांत मीठ पसरतें हें समजतें, कारण पाण्याचे कण स्वतःच हलते असतात. परंतु स्फटिकांत प्रत्येक अणु आपल्या चार शेजाऱ्यांशीं हात धरून जागच्या जागीं बसलेला असतो. तेथें परक्या अणूनें वाट काढावी तरी कोठून?

ज्यांनीं तर्कसंग्रह वाचला असेल, त्यांना या प्रश्नाचा एक जुना अवतार आठवेल. कच्चें मडकें आव्यांत भाजलें म्हणजे तें आंतबाहेर लाल होतें. हा बदल घडतो कसा? वैशेषिकांचें म्हणणें असें कीं, अग्नीच्या आघातानें मडकें परमाणूंपर्यंत सुटें होतें, परमाणूंचा रंग पालटतो, आणि मग तें पुनः जुळून येतें. हा पीलुपाकवाद. नैयायिकांना हें मान्य नव्हतें. मडकें मोडत नाहीं, तें सच्छिद्र असतें, आणि त्या छिद्रांतून तेज आंत शिरून सबंध मडक्यालाच पालटतें, असें ते म्हणत. हा पिठरपाकवाद. आमच्या पूर्वजांना चिपची विद्या अवगत होती असें सांगणाऱ्यांच्या पंक्तीस मला बसावयाचें नाहीं; त्यांना ती अवगत नव्हती. परंतु घट्ट दिसणाऱ्या वस्तूच्या अंतरंगांत बदल शिरतो कसा, हा प्रश्न त्यांनीं नीट विचारला होता, एवढें श्रेय त्यांना दिलें पाहिजे.

आधुनिक उत्तर या दोन्ही मतांच्या मधलें आहे. १९२६ सालीं रशियन शास्त्रज्ञ याकोव्ह फ्रेंकेल यानें दाखविलें कीं, कोणताही स्फटिक पूर्णपणें भरलेला नसतो. उष्णतेनें एखादा अणु आपली जागा सोडून निघतो. मागें एक रिकामी जागा राहते, आणि तो स्वतः इतरांच्या रांगांमध्यें उपरा होऊन फिरतो. या दोहोंना बिंदुदोष म्हणतात, कारण त्यांचा पसारा एका अणूएवढाच असतो. पंगतीचें उदाहरण घ्यावें. सर्व पाट भरले आहेत, आणि मधलेंच एक पान रिकामें आहे. शेजारचा त्यावर सरकतो, मग त्याच्या पलीकडचा सरकतो, आणि रिकामें पान पंगतीच्या टोकाकडे चालत जातें. वस्तुतः पान कोठेंच जात नाहीं. माणसें उलट दिशेनें सरकत असतात. दुसरा प्रकार आयत्या वेळीं आलेल्या पाहुण्याचा. त्याला पाट नाहीं. तो दोन रांगांमधून हिंडतो, आणि अखेर बसलेल्या एखाद्या मनुष्याला उठवून त्याच्या पाटावर स्थानापन्न होतो. उठलेला मनुष्य मग रांगांमधून भटकूं लागतो. बोरॉनचें असेंच होतें. तो आपल्या जागीं स्वस्थ बसलेला असतो. सिलिकॉनचा उपरा अणु येऊन त्याला हुसकतो. बोरॉन भराभर पुढें जातो. आणि एखादी जागा सांपडली कीं पुनः बसतो.

नैयायिकांनीं अभाव हा सातवा पदार्थ मानला, पण त्याला गति मात्र दिली नाहीं, कारण क्रिया ही द्रव्याच्या ठिकाणींच राहते. आजचा शास्त्रज्ञ रिकाम्या जागेला गति देतो, तिची घनता मोजतो, तिला विद्युद्भारही लावतो, आणि हें सर्व सोयीसाठीं आहे हें तो जाणतो. एक हजार अंशांवर देखील अशा जागा कोटि अणूंमागें एकही भरत नाहींत. परंतु परक्या अणूला वाट देणारे तेच काय ते. सर्व जागा अभंग असत्या, तर कोणत्याही भट्टीनें बोरॉनला आंत नेलें नसतें.

आतां हे उपरे आणि या रिकाम्या जागा भट्टीच्या आंत कोणी डोळ्यांनीं पाहिलेल्या नाहींत. मग कोणता परका अणु कोणत्या वाहनानें जातो, हें ठरविलें कसें? या शास्त्रांतील हा भाग मला सर्वांत रम्य वाटतो. तापलेल्या चकतीवरून प्राणवायु सोडला, तर वरचें सिलिकॉन त्याच्याशीं मिळून कांचेसारखा थर बनतो. हा थर मूळच्या सिलिकॉनच्या दुपटीहून अधिक जागा मागतो, आणि त्या रेटारेटींत सिलिकॉनचे कांहीं अणु खालीं स्फटिकांत ढकलले जातात. म्हणजे खालीं उपऱ्यांची गर्दी वाढते. प्रयोगकर्त्यांना असें आढळलें कीं, वर थर चढत असतां खोलवर असलेला बोरॉन व फॉस्फरस अधिक वेगानें मुरतात, पण त्याच चकतींतील अँटिमनी मात्र मंदावतो. या विपरीत वर्तनाचा उलगडा असा: उपरे वाढले कीं ते रिकाम्या जागा भरून टाकतात. अँटिमनी रिकाम्या जागांच्याच आधारें चालणारा; त्याची वाट बंद होते. बोरॉन व फॉस्फरस उपऱ्यांच्या आधारें चालणारे, त्यांचें फावतें. पुढें प्राणवायूच्या ऐवजीं अमोनिया वायु सोडून पाहिला. त्यानें उलट रिकाम्या जागा वाढतात. आणि तेथें अँटिमनी वेगानें धांवला, बोरॉन व फॉस्फरस रेंगाळले. अन्वय आणि व्यतिरेक यांचें याहून स्वच्छ उदाहरण न्यायाच्या पाठशाळेंतही मिळणार नाहीं.

एवढें कळल्यावर फिकचा एकच नियम पुरेनासा झाला. बोरॉनचें एक समीकरण, उपऱ्यांचें एक, रिकाम्या जागांचें एक, बोरॉन व उपरा यांच्या जोडीचें आणखी एक, शिवाय त्यांच्या विद्युद्भारांचा हिशेब. हीं सर्व एकमेकांत गुंतलेलीं. हातानें सुटण्यासारखीं नव्हेत. अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठांत १९७७ सालीं यासाठीं सुप्रेम नांवाचा संगणकी कार्यक्रम तयार झाला. त्याची रीति तत्त्वतः सोपी आहे. चकतीच्या खोलीचे शेंकडों पातळ पापुद्रे कल्पावयाचे, आणि क्षणाक्षणाला प्रत्येक पापुद्र्यानें शेजाऱ्यास किती दिलें व किती घेतलें याची जमाखर्ची मांडावयाची. भट्टी पेटविण्यापूर्वींच सीमारेषा कोठें पडेल हें कागदावर दिसूं लागलें. आज जगांतील मोठे कारखाने अशाच कार्यक्रमांच्या वंशजांवर चालतात.

मात्र येथें एक गोम आहे. समीकरणांत जे अंक घालावयाचे, ते प्रयोगांतूनच यावे लागतात. आणि प्रयोगांतून बहुधा उपऱ्यांची संख्या व त्यांचा वेग यांचा गुणाकारच हातीं येतो. गुणाकार कळतो, गुणक कळत नाहींत. संख्या थोडी व वेग फार, किंवा संख्या फार व वेग थोडा, दोन्ही धरून एकच उत्तर निघतें. स्टॅनफर्डच्या फेही, ग्रिफिन व प्लमर या तिघांनीं १९८९ सालीं या विषयाचा जो विस्तृत आढावा प्रसिद्ध केला, तो अजूनही प्रमाणग्रंथासारखा वाचला जातो. त्या काळांतल्या निरनिराळ्या प्रयोगशाळांच्या अंकांत हजारोंपटीचीं अंतरें होतीं. गणित निर्दोष असूनही अंक हवेंतले असतील तर उत्तर हवेंतलेंच येणार.

याचा प्रत्यय लवकरच आला. भट्टींत वायूच्या द्वारें बोरॉन देण्याऐवजीं त्याचे अणु विजेच्या बळानें चकतींत बंदुकीच्या गोळीसारखे मारण्याची पद्धति रूढ झाली. अशा माऱ्यानें स्फटिकाची नासधूस होते. ती दुरुस्त करण्यासाठीं चकती पुनः तापवावी लागते. सर्वांची समजूत अशी कीं, आंच जितकी मंद तितका बोरॉन कमी सरकेल. अनुभव उलटा आला. आठशें अंशांच्या मंद आंचेवर कांहीं मिनिटें ठेवलेल्या चकतींत बोरॉन अपेक्षेच्या कितीतरी पलीकडे गेलेला सांपडला. कारण माऱ्यानें निर्माण झालेले उपरे मंद आंचेवर लवकर नाहींसे होत नाहींत. बेल प्रयोगशाळेच्या संशोधकांनीं १९९४ सालीं दाखविलें कीं, ते काडीसारखे पुंजके करून राहतात, आणि त्यांतून एकेक सुटून बोरॉनला पुढें पुढें हुसकीत राहतो. म्हणून उपाय असा निघाला कीं, एक हजार अंशांहूनही अधिक उष्णतेचा चटका द्यावयाचा, पण तो सेकंद-दोन सेकंदांचाच. उपरे झटपट नाहींसे होतात, आणि बोरॉनला दूर जाण्यास अवधि मिळत नाहीं. आधुनिक ट्रान्झिस्टरची सीमा केसाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्शाहूनही उथळ असते. हा उलगडा झाला नसता, तर ती साधलीच नसती.

हें सर्व दूरच्या प्रयोगशाळांचें वर्णन झालें. पण बिंदुदोषांचा संबंध आपल्या शेताच्या बांधापर्यंत येऊन पोंचतो. सौरपाटीची चकती मिलिमीटरच्या पांचव्या हिश्शाहूनही पातळ असते. गेल्या दशकापर्यंतच्या बहुतेक पाट्यांत चकती मुळांत बोरॉनयुक्त असे, आणि तिच्या पृष्ठावर भट्टींत फॉस्फरस मुरविलेला असे. एका मिलिमीटरचे दोन-तीन हजार भाग केले, तर त्यांतील एका भागाइतकाच खोल. अशा पाट्यांत एक विचित्र खोड १९७३ सालापासून नोंदलेली आहे. नवी पाटी प्रथम उन्हांत ठेवली म्हणजे थोड्याच दिवसांत तिची शक्ति शेंकडा एक ते तीनपर्यंत घटते, आणि मग स्थिरावते. स्फटिकांत राहून गेलेला प्राणवायु आणि बोरॉन यांची उजेडांत गट्टी जमते व त्या जागीं वीज गिळणारा दोष तयार होतो, हा उलगडा पुढें १९९० नंतरच्या दशकांत झाला. बोरॉनच्या जागीं गॅलियम घातलें तर ही खोड राहत नाहीं. अलीकडच्या पाट्यांत एक तर गॅलियम असतें, किंवा चकतीच फॉस्फरसयुक्त घेऊन पृष्ठावर बोरॉन मुरवितात. पाटी विकत घेणाऱ्या शेतकऱ्यास याची कल्पना असण्याचें कारण नाहीं, पण ज्या गांवांत पंप बसतो तेथील विज्ञानाच्या शिक्षकास ती असावी.

१८६१ ते १८६५ या काळांत अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें, लँकेशायरच्या गिरण्यांना तेथला कापूस मिळेनासा झाला, आणि वऱ्हाडच्या कापसास सोन्याचे दिवस आले. कापूस आमचा, सूत आणि कापड दुसऱ्याचें. चिपच्या बाबतींत आज जवळजवळ तेंच चाललें आहे. अमरावती-अकोल्याचीं हुशार मुलें पुण्यास व बंगळूरास जाऊन परदेशी कंपन्यांसाठीं चिपचे आराखडे काढतात. आणि तो आराखडा ज्या भट्टींत प्रत्यक्षांत उतरतो, ती भट्टी बहुधा तैवानांत असते. मोहालीस सरकारी कारखान्यानें १९८४ सालीं उत्पादन सुरू केलें होतें. १९८९ सालीं तेथें आग लागली, आणि देशाचीं मोलाचीं वर्षें वायां गेलीं. २०२४ सालीं केंद्र सरकारनें गुजरातेंत धोलेरा येथें टाटा समूह व तैवानची पॉवरचिप कंपनी यांच्या कारखान्यास मंजुरी दिली. यंत्रें विकत आणतां येतात, कार्यक्रमही विकत मिळतो. परंतु त्या कार्यक्रमांतील अंक आपल्या भट्टीशीं जुळवून घेणारा मनुष्य विकत मिळत नाहीं. तो भट्टीपाशीं उभा राहूनच तयार व्हावा लागतो. नुसत्या संगणकावर नकाशे काढून हें शास्त्र येतें असें जे समजतात, त्यांनीं गुणाकाराची वर सांगितलेली गोष्ट पुनः वाचावी.

अशी भट्टी आपल्या प्रांतांत आहे. पवईची आय. आय. टी. १९५८ सालीं निघाली. तेथें प्रा. अरुण चांदोरकर यांनीं चिप घडविण्याच्या विद्येवर दिलेलीं व्याख्यानें चित्रित झालेलीं असून, तीं घरबसल्या विनामूल्य पाहतां येतात; त्यांत मुरण्याचा विषय पायापासून समजावला आहे. २००६ सालीं केंद्र सरकारच्या साहाय्यानें तेथें व बंगळूरच्या विज्ञानसंस्थेंत अतिसूक्ष्म इलेक्ट्रॉनिकीचीं केंद्रें स्थापन झालीं, आणि २०१० सालीं सौरविद्युतेचें राष्ट्रीय केंद्रही पवईस निघालें. बाहेरच्या महाविद्यालयांतील संशोधकांना हीं यंत्रें वापरूं देण्याची योजना मुद्दाम आंखली गेली.

अमरावतीस १९६४ पासून शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, १९८३ पासून विद्यापीठ आहे. तेव्हां पदव्युत्तर वर्गांतील एखाद्या विद्यार्थ्यानें एवढें करून पाहावें. ठराविक उष्णतेवर ठराविक वेळांत फॉस्फरस किती मुरेल, याचें गणित घरच्या संगणकावर करावें. त्या थराचा विद्युद्रोध किती भरेल तें लिहून लिफाफ्यांत बंद करावें. मग पवईस जाऊन चकती भट्टींतून काढून आणावी, आणि आपल्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेंत बहुधा असतेंच अशा चार सुयांच्या उपकरणानें रोध मोजावा. लिफाफा त्यानंतर फोडावा. दोन आंकडे जुळले तर ठीकच. न जुळले, तर भट्टींत प्राणवायु किती होता, येथपासून चौकशीस आरंभ करावा.